यूझरफॉर्मच्या टेक्स्टबॉक्सवर राइट क्लिकचा मेन्यू: कसा आणावा, कुठे अडतं?

फॉर्मातला_गडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एक्सेलमध्ये व्हीबीए (ऑफिसची मॅक्रो लिहायची भाषा) वापरून नोंदी भरण्याचा एक फॉर्म, म्हणजे यूझरफॉर्म, केला आहे. पंचवीसेक टेक्स्टबॉक्स (मजकूर भरायचे चौकोन), काही फ्रेममध्ये, काही मल्टिपेजच्या पानांवर. सगळं नीट चालतं, पण वापरणाऱ्यांची एकच तक्रार: बॉक्सवर राइट क्लिक केलं की काहीच होत नाही. कट, कॉपी, पेस्ट असलेला तो नेहमीचा मेन्यू येतच नाही. कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही चालतं हे सांगून झालं. लोक मान डोलावतात आणि पुन्हा राइट क्लिक करतात.

प्रॉपर्टीजच्या खिडकीत असा काही पर्याय दिसला नाही. खरंच नाहीये का? आणि नसेल तर पंचवीस बॉक्ससाठी पंचवीस वेळा तोच कोड लिहायचा का? आयता कोड डकवू नका, मला समजून घ्यायचंय.

टिचकी

कंट्रोल सी, कंट्रोल व्ही असताना हा उपद्व्याप कशाला? लोकांना सवय लावा.

अर्धविराम

टिचकी, सवय लोकांना लावायची की फॉर्मला, हा प्रश्न आहे. ज्याचा एक हात दिवसभर माउसवर असतो तो मेलमधला आकडा निवडतो, राइट क्लिकने कॉपी करतो आणि इथे येऊन अडतो. प्रत्येक खिडकीत चालणारी गोष्ट तुमच्याच खिडकीत चालत नसेल तर तो तुमचा फॉर्म मोडका समजणार. त्याचं चूक नाही.

धागाकर्ते, पर्याय सापडला नाही कारण तो नाहीच.

जुना_कोडकरी

थोडं सविस्तर लिहितो, कारण "का नाही" हे कळलं की "कसं करायचं" सोपं जातं.

विंडोजमध्ये नोटपॅडसारख्या ठिकाणी जो मेन्यू दिसतो तो विंडोजच्या स्वतःच्या एडिट कंट्रोलबरोबर फुकट येतो. जुन्या व्हीबी ६ मधला टेक्स्टबॉक्स म्हणजे तेच एडिट कंट्रोल, म्हणून तिथे हा प्रश्न कधी आलाच नाही. यूझरफॉर्मवरचा टेक्स्टबॉक्स मात्र वेगळ्या घराण्यातला. तो एमएसफॉर्म्स लायब्ररीचा, म्हणजे एफएम२०.डीएलएल या फाइलमधला. त्याला स्वतःची खिडकी नसते, म्हणजे विंडोजच्या भाषेत हँडल नसतं. फॉर्मच तो रंगवतो आणि माउस कुठे टिचला ते त्याला कळवतो. विंडोजच्या लेखी तिथे टेक्स्टबॉक्स नाहीच, मग मेन्यू कोण दाखवणार?

(ॲक्सेसवाल्यांनी गोंधळू नये. ॲक्सेसचे फॉर्म निराळे, त्यांच्या टेक्स्टबॉक्सला मेन्यू मुळातच असतो आणि शॉर्टकटमेन्यूबार या प्रॉपर्टीतून स्वतःचा मेन्यूही जोडता येतो. इथलं काहीही तिथे लावू नका.)

म्हणजे मेन्यू आपण बांधायचा, दाखवायचा, आणि निवडलेलं काम आपणच करायचं. तिन्ही गोष्टींना आयतं सामान आहे.

बांधण्यासाठी ऑफिसचे कमांडबार्स, म्हणजे टूलबार आणि मेन्यू. २००७ मध्ये रिबन आली तेव्हा जुने टूलबार ॲड-इन्सच्या टॅबमध्ये जाऊन पडले, पण पॉपअप जातीचे कमांडबार आजही चालतात. ॲप्लिकेशन.कमांडबार्स.ॲड म्हणायचं, पोझिशनला एमएसओबारपॉपअप द्यायचं (किंमत ५), टेम्पररी ट्रू ठेवायचं. मग त्याच्या कंट्रोल्समध्ये ॲड करत एकेक बटण घालायचं. प्रत्येकाला कॅप्शन, टॅग आणि ऑनॲक्शन. चित्र हवं तर फेसआयडी: कॉपी १९, कट २१, पेस्ट २२. मध्ये रेघ हवी तर त्या बटणाचं बिगिनग्रुप ट्रू.

दाखवण्यासाठी शोपॉपअप. त्याला काहीच दिलं नाही तर मेन्यू माउसच्या टोकाशी उघडतो, आपल्याला तेच हवं.

कधी दाखवायचा? टेक्स्टबॉक्सच्या माउसअप इव्हेंटमध्ये (माउसचं बटण सुटलं की आपोआप चालणारा कोड), बटण २ असेल तर. डावं १, उजवं २, मधलं ४. माउसडाउन वापरू नका; विंडोजमध्ये सगळीकडे मेन्यू बोट उचलल्यावर येतो.

आणि कामासाठी टेक्स्टबॉक्सकडे स्वतःच्या कट, कॉपी, पेस्ट या मेथड आहेत. क्लिपबोर्डशी हातघाईवर यायची गरज नाही.

रिकामी_ओळ

वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक भर: फेसआयडी आणि आयडी यांत गल्लत होते. कंट्रोल्स.ॲड करताना आयडी म्हणून १९ दिलं तर एक्सेलचं स्वतःचं कॉपीचं बटण येतं. ते शीटवरच्या सेलसाठी. त्याला तुमच्या टेक्स्टबॉक्सचा पत्ताही नाही. आयडी देऊच नका, साधं कोरं बटण घ्या आणि फक्त फेसआयडीने चित्र चिकटवा.

फॉर्मातला_गडी

कोडकरी, हे एका बॉक्सवर करून पाहिलं, मेन्यू आला! पण ऑनॲक्शनमध्ये फॉर्ममधल्याच प्रोसीजरचं नाव दिलं तर "मॅक्रो चालवता येत नाही" म्हणतो. आणि मॅक्रोला कळणार कसं की मी कोणत्या बॉक्सवर क्लिक केलं होतं?

जुना_कोडकरी

ऑनॲक्शन हे नुसतं नाव आहे, अक्षरांची माळ. एक्सेल त्या नावाचा मॅक्रो साध्या मॉड्यूलमध्ये शोधतो. फॉर्मच्या किंवा क्लासच्या पोटातली प्रोसीजर त्याला दिसत नाही. म्हणून साध्या मॉड्यूलमध्ये एक पब्लिक सब लिहा, तिचं नाव द्या. आधी थिसवर्कबुकचं नाव एकेरी अवतरणात आणि मग उद्गारचिन्ह जोडलंत तर दोन फाइलींत एकाच नावाचा मॅक्रो असला तरी घोळ होत नाही.

एकच सब पुरे. कोणतं बटण दाबलं ते कमांडबार्स.ॲक्शनकंट्रोल सांगतं, त्याचा टॅग वाचा आणि सिलेक्ट केस करा. मात्र तीच सब एडिटरमधून एफ ८ ने चालवलीत तर ॲक्शनकंट्रोल नथिंग असतो आणि लगेच एरर येतो. सुरुवातीलाच ती तपासणी टाका.

शून्यप्रहर

"कोणता बॉक्स" याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ॲक्टिव्हकंट्रोल (सध्या फोकस असलेला कंट्रोल) असं दिलेलं सापडेल. ते अर्धं उत्तर आहे. धागाकर्त्यांच्या फॉर्ममध्ये फ्रेम आणि मल्टिपेज आहेत. बॉक्स फ्रेमच्या आत असेल तर फॉर्मचं ॲक्टिव्हकंट्रोल बॉक्स देत नाही, फ्रेम देतं. मग फ्रेमचं ॲक्टिव्हकंट्रोल विचारा. मल्टिपेज असेल तर त्याच्या सिलेक्टेडआयटमचं ॲक्टिव्हकंट्रोल. फ्रेममध्ये मल्टिपेज आणि त्यात पुन्हा फ्रेम असेल तर लूप लावून तळापर्यंत उतरा.

चालतं, पण मला हे उलटं वाटतं. क्लिक ज्याच्यावर झालं त्याच्याच माउसअपमध्ये आपण उभे आहोत. तिथेच एका पब्लिक व्हेरिएबलमध्ये त्याला धरून ठेवायचं आणि मग शोपॉपअप करायचं. मेन्यूच्या मॅक्रोने तेच व्हेरिएबल वापरायचं. शोधाशोध कशाला?

फॉर्मातला_गडी

हे पटलं. पण पंचवीस माउसअप?

शून्यप्रहर

नाही, एक. क्लास मॉड्यूल (एकदा लिहून प्रत्येक बॉक्सला लावता येणारा साचा) घ्या. त्यात वर एक ओळ: पब्लिक विथइव्हेंट्स, व्हेरिएबलचं नाव, ॲज एमएसफॉर्म्स.टेक्स्टबॉक्स. आता एडिटरच्या वरच्या दोन याद्यांमधून त्याचा माउसअप निवडून एकदाच लिहा.

फॉर्मच्या इनिशियलाइझमध्ये (फॉर्म तयार होताना येणारा इव्हेंट) मी.कंट्रोल्सवर (Me.Controls, फॉर्मच्या कंट्रोलांची यादी) फॉर ईच फिरवा. ही यादी सपाट असते, फ्रेम आणि पानांच्या आतलेसुद्धा सगळे कंट्रोल त्यात येतात, त्यामुळे खोलवर उतरावं लागत नाही. टाइपनेम "टेक्स्टबॉक्स" आलं की क्लासचा नवा ऑब्जेक्ट, त्यात हा बॉक्स सेट, आणि ऑब्जेक्ट एका कलेक्शनमध्ये जमा.

ते कलेक्शन फॉर्म मॉड्यूलच्या डोक्यावर डिक्लेअर करा, इनिशियलाइझच्या आत नाही. आत केलंत तर प्रोसीजर संपताच कलेक्शन गेलं, त्याबरोबर सगळे ऑब्जेक्ट गेले, आणि राइट क्लिक पुन्हा मुकं. एरर नाही, सूचना नाही. लोक अशा वेळी माउसअपच्या कोडमध्ये खोट शोधत बसतात, तिथे ती नसते.

बिनकामाचा_मॉड्यूल

कलेक्शन कुठे डिक्लेअर करायचं त्या ओळीला दंडवत. 🙏 हाच सापळा कमांडबटनांच्या क्लासलाही लागू.

विथइव्हेंट्सने पकडलेल्या टेक्स्टबॉक्सला सगळे इव्हेंट मिळत नाहीत हेही लिहून ठेवा: एंटर, एक्झिट, बिफोरअपडेट, आफ्टरअपडेट हे चार नाहीत. ते बॉक्सचे नसून त्याला धरणाऱ्या फॉर्मच्या बाजूचे. माउसअप, कीअप, चेंज मिळतात, इथे तेवढ्यावर भागतं.

सेटफोकसचंही तसंच. ती मेथड हवी असेल तर क्लासमध्ये आणखी एक व्हेरिएबल ठेवा, ॲज एमएसफॉर्म्स.कंट्रोल, आणि तोच बॉक्स त्यालाही सेट करा. नाव, जागा, सेटफोकस या गोष्टी तिकडून मिळतात. मी मेन्यूआधी सेटफोकस करतोच, म्हणजे कर्सर एका बॉक्समध्ये आणि मेन्यू दुसऱ्याचा असं होत नाही. सेटफोकसने मजकुराची निवड बिघडेल अशी भीती नको. एंटरफील्डबिहेवियर ही प्रॉपर्टी टॅबने आत येताना लागू होते, सेटफोकसला नाही.

अर्धविराम

आता खरं काम. आत्तापर्यंत सगळे मेन्यू *दाखवण्यात* गुंतलेत. कोणती ओळ केव्हा करडी करायची हे कोणी बोललंच नाही, आणि अर्धवट मेन्यू नसण्यापेक्षा वाईट.

शोपॉपअपच्या आधी दर वेळी प्रत्येक बटणाचं एनेबल्ड ठरवा. माझे नियम:

कॉपी तेव्हाच, जेव्हा सेललेंग्थ (निवडलेल्या अक्षरांची संख्या; इथे सेल म्हणजे सिलेक्शन, शीटवरचा सेल नव्हे) शून्याहून जास्त असेल. कट आणि डिलीटला तीच अट, शिवाय बॉक्स लॉक्ड नसावा. पेस्टसाठी बॉक्स लॉक्ड नसावा आणि कॅनपेस्ट ट्रू असावं. कॅनपेस्ट ही बॉक्सचीच प्रॉपर्टी, क्लिपबोर्डवर त्याला चालेल असं काही आहे का ते सांगते; क्लिपबोर्डवर चित्र असेल तर पेस्ट करडं दिसायला हवं. सगळं निवडा ही ओळ बॉक्स रिकामा नसेल तर.

लॉक्ड म्हणजे टंकणाऱ्याला अटकाव, कोडला नव्हे. कोडमधून टेक्स्ट बदललं तर लॉक्ड बॉक्ससुद्धा मुकाट्याने बदलतो. आपला मेन्यू म्हणजे कोड. तेव्हा ही अट तुम्हीच घातली पाहिजे.

पासवर्डचार लावलेला बॉक्स असेल तर कट आणि कॉपी सरळ बंद. पडद्यावर तारे दिसतात पण टेक्स्ट आणि सेलटेक्स्ट खरा मजकूर देतात. मेन्यूच्या मॅक्रोत कोणी सेलटेक्स्ट उचलून क्लिपबोर्डवर ठेवला तर पासवर्ड उघडा पडला.

टिचकी

अर्धविराम, एवढं सगळं मेन्यूपायी? मी म्हटलं तेच बरं होतं. 😄

अर्धविराम

एकदा क्लासमध्ये लिहायचं आणि विसरायचं. पुढच्या फॉर्ममध्ये क्लास ओढून टाकला की झालं. सवय लावणं मात्र प्रत्येक नव्या माणसागणिक पुन्हा.

फॉर्मातला_गडी

क्लास केला, पंचवीसही बॉक्सवर मेन्यू येतोय. फार भारी वाटतंय. पण एक भानगड. काही बॉक्समध्ये फक्त आकडे चालतात, त्यासाठी कीप्रेसमध्ये आकड्याव्यतिरिक्त काही आलं की कीॲस्की शून्य करतो. आता लोक मेन्यूतून पेस्ट करतात आणि अक्षरं आरामात आत येतात.

जुना_कोडकरी

येणारच. कीप्रेस कळ दाबल्यावर येतो. मेन्यूतल्या पेस्टमध्ये कळ कुठे आहे? मजकूर मागच्या दाराने आत गेला, पहारेकरी पुढच्या दारात उभा.

पेस्टने चेंज मात्र येतो. गाळणी तिथे हलवा. पण चेंजच्या आत टेक्स्ट बदललं की चेंज पुन्हा येतो, त्याने बदललं की पुन्हा. अनेकजण इथे ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स फॉल्स करतात आणि काही उपयोग होत नाही म्हणून डोकं धरतात. तो स्विच वर्कबुक, शीट अशा एक्सेलच्या इव्हेंटांचा. यूझरफॉर्मच्या कंट्रोलांना तो लागू नाही. स्वतःचं बूलियन व्हेरिएबल ठेवा: आत शिरताना ट्रू असेल तर लगेच बाहेर, नाहीतर ट्रू करा, साफ करा, फॉल्स करा.

साफ करण्यापेक्षा मला दुसरा मार्ग आवडतो. पेस्ट मेन्यूतून होतंय म्हणजे ते आपल्या हातात आहे. पेस्टच्या आधी टेक्स्ट, सेलस्टार्ट आणि सेललेंग्थ जपून ठेवा, पेस्ट करा, तपासा, पटलं नाही तर तिन्ही परत जागेवर ठेवा आणि बीप वाजवा. अर्धी अक्षरं गाळून भलताच आकडा ठेवण्यापेक्षा काहीच न घेणं बरं. १२-५०० मधली रेघ गाळली की १२५०० होतं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासायला इझन्युमेरिक पुरेसं नाही. घातांकाच्या रूपात लिहिलेला मजकूरही त्याला आकडाच वाटतो. फक्त अंक हवे असतील तर लाइक ऑपरेटरने अंकाव्यतिरिक्त एखादं अक्षर आहे का ते पाहा.

आणि शेवटची तपासणी सेव्हच्या बटणावर असलीच पाहिजे. बॉक्सवरच्या गाळण्या म्हणजे सौजन्य.

शून्यप्रहर

कोडकरींच्या मार्गाला +१.

याच्याच शेजारची गोष्ट: शीटवरचा सेल कॉपी केला की क्लिपबोर्डवरच्या मजकुराच्या शेवटी नवी ओळ चिकटलेली असते. क्लिपबोर्डवरचा मजकूर उचलून स्वतः सेलटेक्स्टमध्ये घालणार असाल तर ती आधी काढा. मल्टिलाइन फॉल्स असलेल्या बॉक्समध्ये तिच्या जागी परिच्छेदाची खूण दिसते, आणि मग शीटमध्ये शोधताना तोच आकडा सापडत नाही.

रिकामी_ओळ

क्लिपबोर्ड स्वतः हाताळायचाच असेल तर एमएसफॉर्म्सचा डेटाऑब्जेक्ट वाचण्यापुरता ठीक: गेटफ्रॉमक्लिपबोर्ड, मग गेटटेक्स्ट. लिहिण्यासाठी पुटइनक्लिपबोर्डवर भरवसा ठेवू नका. नव्या विंडोजवर फाइल एक्सप्लोररची खिडकी उघडी असली की काही वेळा क्लिपबोर्डवर तुमच्या मजकुराऐवजी दोन चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. जुनी, सर्वज्ञात खोड. बॉक्सची स्वतःची कॉपी मेथड वापरा, ही भानगडच नाही.

फॉर्मातला_गडी

मेन्यूच्या ओळी मराठीत हव्यात. एडिटरमध्ये कॅप्शन मराठीत टंकलं तर नुसती प्रश्नचिन्हं. फॉर्मच्या बॉक्समध्ये तर मराठी छान दिसतं!

बिनकामाचा_मॉड्यूल

बॉक्स युनिकोड जाणतो, व्हीबीएच्या स्ट्रिंगही युनिकोड असतात, कमांडबारच्या कॅप्शनलाही देवनागरीचं वावडं नाही. अडाणी आहे तो एडिटर. तो सिस्टिमच्या जुन्या कोडपेजवर (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यावर) चालतो आणि देवनागरीसाठी तसं जुनं कोडपेज विंडोजने कधी ठेवलंच नाही. म्हणून कंट्रोल पॅनेलमधली नेहमीची भाषा बदलूनही काम होत नाही.

दोन वाटा. एक, सीएचआरडब्ल्यू (ChrW) फंक्शनने अक्षरांच्या क्रमांकांवरून शब्द जोडायचा. "कॉपी" म्हणजे २३२५, २३७७, २३४६, २३६८ हे चार जोडा. चार शब्दांपुरतं चालेल, पुढे डोळे फुटतील. दुसरी वाट सरळ: एक लपवलेली शीट, तिच्या एका रकान्यात टॅग, शेजारच्या रकान्यात मराठी कॅप्शन. मेन्यू बांधताना तिथून वाचा. शीटला व्हिजिबल प्रॉपर्टीतून व्हेरीहिडन केलंत तर वापरणाऱ्याला अनहाइडच्या यादीतही ती दिसत नाही. शब्द बदलायचा तर कोड उघडावा लागत नाही, हा वरचा फायदा.

मी दुसरीच वापरतो.

निळी_शाई

उशिरा येतेय. दोन शंका. एक, ऑनॲक्शनऐवजी बटणांनाही विथइव्हेंट्स लावून त्यांचा क्लिक इव्हेंट पकडला तर साधं मॉड्यूल लागणारच नाही ना? आणि दोन, माझा फॉर्म एक्सेलमध्ये नाही, एका ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या व्हीबीएमध्ये आहे. तिथे हे कमांडबार्स नाहीतच. मग?

शून्यप्रहर

पहिल्याचं उत्तर: जमतं. ॲज ऑफिस.कमांडबारबटन, क्लिक इव्हेंट. पण टॅग प्रत्येक बटणाला वेगळाच द्या. हा इव्हेंट आयडी आणि टॅग जुळणाऱ्या सगळ्या बटणांसाठी येतो, आणि आपल्या कोऱ्या बटणांचा आयडी सारखाच असतो. टॅग रिकामे ठेवले तर कट दाबल्यावर कॉपी आणि पेस्टचेही इव्हेंट धडाधड येतील.

शिवाय एडिटरमध्ये रीसेट दाबलं किंवा कोडमध्ये एंड आलं की विथइव्हेंट्सची सगळी व्हेरिएबलं मरतात. ऑनॲक्शन नाव धरून असतं, त्याला फरक पडत नाही. पसंतीचा प्रश्न, मी ऑनॲक्शनवरच राहतो.

जुना_कोडकरी

निळी शाई, दुसऱ्या प्रश्नासाठी विंडोज एपीआय, म्हणजे विंडोजची स्वतःची फंक्शनं. हा रस्ता मला कमांडबारपेक्षाही आवडतो, फक्त डिक्लेअरच्या ओळी लांबलचक.

क्रिएटपॉपअपमेन्यू रिकामा मेन्यू देतो. अपेंडमेन्यूने ओळी जोडा, प्रत्येकीला तुमचा क्रमांक द्या: १ कट, २ कॉपी, ३ पेस्ट. करडी ओळ हवी तर झेंड्यात (फ्लॅग) १ मिळवा, रेघ हवी तर २०४८. गेटकर्सरपॉसने माउसची जागा घ्या. मग ट्रॅकपॉपअपमेन्यू, त्याच्या झेंड्यांत टीपीएम रिटर्नसीएमडी म्हणजे २५६ घाला. मग हे फंक्शन माणसाने निवड करेपर्यंत थांबतं आणि निवडलेला क्रमांक थेट परत देतं. काही न निवडता मेन्यू मिटला तर शून्य. शेवटी न चुकता डिस्ट्रॉयमेन्यू.

गंमत बघा: ऑनॲक्शन नाही, ॲक्शनकंट्रोल नाही, पब्लिक व्हेरिएबल नाही. माउसअपमध्ये मेन्यू दाखवला, त्याच प्रोसीजरमध्ये पुढच्या ओळीला उत्तर मिळालं, तिथेच सिलेक्ट केस. सगळं क्लासच्या पोटात.

पथ्यं अशी. ट्रॅकपॉपअपमेन्यूला मालक खिडकीचं हँडल लागतं. फाइंडविंडोने थंडरडीफ्रेम हे क्लासचं नाव देऊन ऑफिसमधला फॉर्म सापडतो (ऑफिस २००० पासून हे नाव आहे), पण एकाच मथळ्याचे दोन फॉर्म उघडे असले तर भलताच हाती लागू शकतो. राइट क्लिकच्या क्षणी तुमचा फॉर्मच सक्रिय असतो, तेव्हा गेटॲक्टिव्हविंडो सुटसुटीत.

ऑफिस २०१० पासून, म्हणजे व्हीबीए ७ पासून, ६४ बिटमध्ये डिक्लेअरला पीटीआरसेफ लागतं, आणि हँडल लाँगमध्ये नाही, लाँगपीटीआरमध्ये ठेवायचं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं व्हीबीए ६ असेल तर हॅशइफ लावून दोन्ही प्रकार ठेवा.

मराठी ओळी हव्या असतील तर अपेंडमेन्यूचा ए नव्हे, डब्ल्यू प्रकार डिक्लेअर करा आणि मजकूर ॲज स्ट्रिंग न देता स्ट्रपीटीआरने द्या. ॲज स्ट्रिंग दिलं की व्हीबीए वाटेत त्याचं जुन्या कोडपेजमध्ये रूपांतर करतं, पुन्हा प्रश्नचिन्हं.

मॅकवर यातलं काही चालणार नाही, हे विंडोजचं एपीआय आहे.

निळी_शाई

हे अगदी हवं तेच! त्याच प्रोसीजरमध्ये उत्तर मिळतं हे फारच आवडलं. स्ट्रपीटीआरचं कुठे वाचलं नव्हतं.

टिचकी

बरं, मीही आलो वळणावर. माझ्या वर्डच्या टेम्प्लेटमधल्या फॉर्मला कमांडबारवाला मेन्यू लावला. मेन्यू चालतो, पण वर्ड बंद करताना नॉर्मल टेम्प्लेट सेव्ह करू का असं विचारतो.

बिनकामाचा_मॉड्यूल

टिचकी कंट्रोल सी सोडून इकडे? 😄

वर्ड कमांडबारांमधले बदल कुठल्यातरी टेम्प्लेटमध्ये किंवा डॉक्युमेंटमध्ये साठवतो, आणि सांगितलं नाही तर नॉर्मलमध्ये. मेन्यू बांधण्याआधी कस्टमायझेशनकॉन्टेक्स्ट तुमच्याच टेम्प्लेटवर म्हणजे थिसडॉक्युमेंटवर सेट करा. फॉर्म बंद होताना मेन्यू डिलीट करा आणि थिसडॉक्युमेंटचं सेव्ह्ड ट्रू करा. नाहीतर एपीआयची वाट, तिथे काही साठवलंच जात नाही.

फॉर्मातला_गडी

डिलीटवरून आठवलं. मेन्यूला नाव दिलं होतं. फॉर्म दुसऱ्यांदा उघडला की कमांडबार्स.ॲडवर एरर.

शून्यप्रहर

आधीचा मेन्यू अजून जिवंत आहे. टेम्पररी ट्रू म्हणजे एक्सेल बंद होताना जाणार. फॉर्म बंद होताना नाही. बांधण्याआधी त्या नावाचा असेल तर डिलीट करा, तेवढ्या एका ओळीपुरतं ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट लावून लगेच ऑन एरर गोटू शून्य. शिवाय क्वेरीक्लोजमध्येही (फॉर्म बंद होण्याआधी येणारा इव्हेंट) डिलीट.

क्वेरीक्लोज म्हणतोय, टर्मिनेट (फॉर्म मेमरीतून जाताना येणारा इव्हेंट) नाही. तुमच्या क्लासमध्ये फॉर्मचा संदर्भ धरला असेल आणि फॉर्मच्या कलेक्शनमध्ये क्लासचे ऑब्जेक्ट असतील, तर दोघं एकमेकांना धरून बसतात आणि टर्मिनेट येतच नाही. क्वेरीक्लोजमध्ये कलेक्शन नथिंग केलं की गाठ सुटते. फॉर्म अनलोड न करता नुसता हाइड करत असाल तर क्वेरीक्लोजही येत नाही, पण मग इनिशियलाइझही पुन्हा येणार नाही, म्हणजे अडचण नाही.

अर्धविराम

एक राहिलं. कीबोर्डवर उजव्या कंट्रोलजवळ मेन्यूची कळ असते. ज्यांना माउस धरता येत नाही ते तीच वापरतात. क्लासमध्ये कीअप घ्या आणि कीकोड ९३ आला की तोच मेन्यू दाखवा. पण इथे माउसचं टोक कुठेही असू शकतं, म्हणून शोपॉपअपला जागा द्यावी लागते, आणि ती पडद्याच्या पिक्सेलमध्ये लागते. बॉक्सचं लेफ्ट आणि टॉप मात्र पॉइंटमध्ये, तेही त्याच्या फ्रेमपासून मोजलेलं. वरच्या प्रत्येक डब्याचं लेफ्ट-टॉप मिळवत फॉर्मपर्यंत जा, मग पॉइंटचे पिक्सेल करा. इंचाला ७२ पॉइंट. साध्या पडद्यावर इंचाला ९६ पिक्सेल, पण कोणी डिस्प्ले १२५ किंवा १५० टक्क्यांवर ठेवला असेल तर ९६ गृहीत धरू नका, गेटडिव्हाइसकॅप्सला ८८ देऊन विचारा.

फॉर्मातला_गडी

९३ चालली. शंभर टक्क्यांवर मेन्यू बरोबर बॉक्सखाली येतो. फक्त फ्रेमच्या आतल्या बॉक्सला थोडा वर-डावीकडे सरकतो.

अर्धविराम

फ्रेमची कड आणि तिचा मथळा यांची जागा धरली नाहीत. फ्रेमची विड्थ वजा इनसाइडविड्थ, याचं अर्धं डावीकडे मिळवा. हाइट वजा इनसाइडहाइट हा फरक वरून मिळवा, त्यातून खालच्या कडेचं तेवढंच अर्धं वजा करून. फॉर्मलाही हेच लावा, त्याच्या मथळ्याची पट्टी तशीच राहून जाते. आणि फ्रेमला स्क्रोलबार असेल तर तिचं स्क्रोलटॉप वजा करायला विसरू नका, नाहीतर खाली सरकवलेल्या फ्रेममध्ये मेन्यू भलतीकडेच उघडेल.